तीनशे चार पानांनंतर

१

सोमवारी सकाळी वाचनालयाचे अध्यक्ष दारात उभे राहिले, तेव्हा मला वाटलं, फोटोचं विचारायला आले असतील. माझी बायको त्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं बांधायची. फाटलेली उसवायची, शिवायची, वर नवं कव्हर चढवायची. तिला जाऊन सात महिने झाले होते. येत्या शनिवारी तिचा फोटो हॉलमध्ये लावायचं कमिटीनं ठरवलं होतं.

मी खुर्चीवरचे घडी न केलेले कपडे पलंगावर टाकले आणि त्यांना बसायला जागा केली. त्यांनी पिशवीतून एकाच कादंबरीच्या तीन प्रती काढल्या आणि मांडीवर ठेवल्या.

"शेवट गेलाय," ते म्हणाले. "तिन्हींचा."

कादंबरीचं नाव 'पासष्टीचं पत्र'. मी वाचलेली नव्हती, पण गोष्ट सगळ्यांनाच माहीत असते. एका शहरात माणसं फार झालेली असतात. पाणी मापून, जागा मापून. पासष्ट वर्षं पूर्ण झाली की सरकारचं पत्र येतं आणि त्या माणसाला विश्रामगृहात जावं लागतं. तिथून कोणी परत येत नाही. त्या पत्रांवर पत्ते लिहिणारा एक कारकून असतो. एक दिवस त्याच्यासमोर जे पाकीट येतं, त्यावर त्याला स्वतःच्या बायकोचं नाव लिहायचं असतं.

या वर्षी कादंबरीला पन्नास वर्षं झाली. शनिवारी शेवटच्या प्रकरणाचं जाहीर वाचन होतं. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि बाजारात कादंबरीची प्रत मिळत नव्हती.

"तुमच्या मिसेस असत्या तर त्यांनाच विचारलं असतं," अध्यक्ष म्हणाले. "आता तुम्हीच बघा. ब्लेडनं कापलंय, एवढं फक्त सांगा. कोणी केलं ते आम्हाला माहीत आहे."

"कोणी?"

"बारकीनं. शनिवारी तिला काढतोय."

२

बारकी म्हणजे वाचनालयातली देवघेवीच्या टेबलावरची बाई. वय एक्कावन्न. अंगानं लहान म्हणून माझ्या बायकोनं तिला ते नाव ठेवलं आणि मग सगळं गावच तिला बारकी म्हणायला लागलं. घरी अंथरुणाला खिळलेली आई. पुस्तक देणं, घेणं, कपाटं पुसणं, सगळं तीच करायची.

मी पुस्तकातला माणूस नाही. तेहतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. घरोघरी जायचं, झाकण उचलायचं, आकडा लिहायचा. पण संध्याकाळी बायको घरी शिवायला बसायची तेव्हा दोऱ्याला मेण लावायचं काम माझं होतं. त्यामुळे पुस्तक आतून कसं असतं ते मला माहीत आहे. सोळा पानांचा एक फर्मा. फर्मा मधोमध शिवायचा, त्यावर पुढचा, त्यावर पुढचा.

मी तिन्ही पुस्तकं खिडकीपाशी नेली. शेवटचं प्रकरण तीनशे एकाव्या पानावर सुरू होत होतं. त्याची चार पानं शिल्लक होती. तीनशे चारच्या तळाला वाक्य अर्धंच तुटलं होतं. कारकून पत्र घेऊन घरी येतो, दार उघडतो, आणि बस. पुढे कव्हर.

तीनशे चार म्हणजे एकोणीस फर्मे बरोबर. कापणाऱ्याला प्रकरण हवं असतं तर त्यानं तीनशे एकपासून कापलं असतं. शिवाय ब्लेडनं कापलं की मुळाशी कागदाची बारीक पट्टी राहते. इथे पट्टी नव्हती. दोरा हाताने घातलेला होता, मेणाचा, व्यवस्थित.

"ब्लेड नाही," मी म्हणालो. "शिवण उसवून शेवटचा फर्मा काढलाय आणि पुस्तक परत शिवलंय. नासधूस करणाऱ्याचं हे काम नाही. हे शिवता येणाऱ्या माणसाचं काम आहे."

मला वाटलं, मी बारकीला सोडवलं.

अध्यक्षांचा चेहरा उलट खुलला. ते दातांचे डॉक्टर. किडलेली दाढ सापडली की त्यांचा चेहरा असाच होत असेल.

"तुमच्या मिसेसनी शिवण फक्त एकाच माणसाला शिकवली होती," ते म्हणाले. "बारकीला."

३

मी दुपारी वाचनालयात गेलो. बारकी टेबलामागे बसली होती. समोर एक रिकामा स्टँड उभा केला होता. त्यावर पुढच्या महिन्यात मशीन बसणार होतं. आपलं कार्ड आपण दाखवायचं, आपलं पुस्तक आपण न्यायचं.

"काका, जेवलात का?" तिनं विचारलं.

"जेवलो. तू ती पानं काढलीस का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतोय."

"मग लिहून घ्या, मला काही माहीत नाही." तिनं एका पुस्तकावर शिक्का इतका जोरात मारला, की वाचत बसलेल्या एका म्हाताऱ्यानं दचकून वर पाहिलं.

"बारके, तुला काढायला निघालेत. अध्यक्ष म्हणतात, हा शेवट वाचवत नाही असं तूच बोलली होतीस. सगळ्यांसमोर."

"बोलले होते. अजूनही बोलते. तुम्ही वाचलाय?"

"नाही."

"नका वाचू."

"दुसरीकडे काम मिळेल का तुला?"

ती हसली. "या वयात? मला तर पत्रच यायला हवं." मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आईला अजून सांगितलं नाहीये. शनिवार उलटू दे."

ती काहीतरी लपवत होती. तेहतीस वर्षांत मी एक शिकलो. मीटर दिसू नये म्हणून वर कुंडी ठेवणारी माणसं पाण्याबद्दल कधी बोलत नाहीत, तुमच्या तब्येतीची चौकशी करतात.

मागच्या खोलीत नवा बाइंडर काम करत होता. पाच महिन्यांपूर्वी कंत्राटावर आलेला, मनमोकळा माणूस. सगळ्या खोलीला सरसाचा वास.

"मी शिवत नाही हो," तो म्हणाला. "पाठीवर सरस लावतो, दाबतो, झालं. सुई-दोरा तुमच्या बाईंबरोबर गेला. ते कपाटसुद्धा मी उघडत नाही."

"कुठलं?"

"दुरुस्तीचं. त्यांचं अर्धवट राहिलेलं काम आहे आत. किल्ली बारकीताईंकडे. वार्षिक मोजणीतही ते कपाट धरत नाहीत, दुरुस्तीला आहे म्हणून सोडून देतात. एकदा किल्ली मागितली तर माझ्यावर अशा काही डाफरल्या!"

४

प्रत्येक पुस्तकात मागे एक कार्ड असतं. कोणी नेलं, कधी आणलं. मी तिन्ही कार्डं शेजारी शेजारी ठेवली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत वेगवेगळी नावं होती. त्यानंतर एकच: वृद्धाश्रम. दर वेळी तिन्ही प्रती एकदम, गुरुवारी. असं अकरा वेळा. शेवटची नोंद नऊ महिन्यांपूर्वीची, म्हणजे बायको आजारी पडली त्या सुमाराची. त्यानंतर कोणीच नेलं नव्हतं.

गुरुवार म्हटल्यावर मला कळलं. गुरुवारी बायको वृद्धाश्रमात वाचून दाखवायला जायची. डोळे गेलेल्यांनी ऐकायचं, ज्यांना दिसतं त्यांनी पुस्तकात बघत ऐकायचं. संध्याकाळी घरी येऊन ती काहीतरी सांगायची. मी मेण लावत असायचो. हं हं म्हणत असायचो.

वर्षभर ती कार्डं घेऊन बसलो असतो तरी चाललं असतं. माझ्याकडे दुसरं काम नव्हतंच. पण दोन गोष्टी डोक्यातून जाईनात.

एकच कादंबरी त्याच माणसांनी अकरा वेळा कशाला मागवावी?

आणि पुस्तक दारापाशी अर्ध्या वाक्यात संपतं. समजा, दोन वर्षं संपतंय. मग एकानेही येऊन असं का म्हणू नये, की अहो, याचा शेवट कुठे आहे?

मी बारकीला विचारलं, "तक्रार आली होती कधी?"

"कसली?"

"शेवट नसल्याची."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, तुम्ही आश्रमात जाऊ नका," ती म्हणाली.

५

बुधवारी गेलो.

व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. व्यवस्थापिका बाईंनी मला ओळखलं. "वाचणाऱ्या बाईंचे मिस्टर ना तुम्ही?" असं म्हणून त्यांनी मला दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसवलं. एका बाजूला निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसऱ्या बाजूला टेलरआजी. चाळीस वर्षं कपडे शिवून आता त्यांना काही दिसत नव्हतं.

मी विचारलं, "ती पासष्टीची कादंबरी, तिचा शेवट काय हो?"

"वा! मास्तरांना प्रश्न," मास्तर म्हणाले. "कारकून पत्र घेऊन घरी येतो. दार उघडतो. बायको समोर. तो पत्र पाठीमागे लपवतो आणि म्हणतो, चल, पाणी भरायला जाऊ. तिला पंपघरात नेतो आणि तिथेच लपवतो. सहा वर्षं! कोणाला पत्ता नाही."

"काहीतरीच," टेलरआजी म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही त्या दिवशी झोपला होतात. तो पत्रावरचं नाव खोडून स्वतःचं घालतो. मग बाकीचे कारकून बघतात आणि सगळे आपापली नावं घालायला लागतात. सरकारला कळेचना कोणाला न्यायचं!"

"ते मागच्या खेपेचं."

"मागच्या खेपेचं म्हणजे? पुस्तक काय दर खेपेला बदलतं?"

"बदलत होतं," मास्तर शांतपणे म्हणाले.

मी विचारलं, "आणि तो कारकून, माणूस कसा होता?"

दोघंही हसायला लागले. या एका गोष्टीवर त्यांचं एकमत होतं.

"चक्रम!" टेलरआजी म्हणाल्या. "शर्टाला निळं बटण, शिवलेलं काळ्या दोऱ्यानं. आणि बायको गाढ झोपली की तिला हलवून विचारायचा, झोपलीस का?"

"आणि ती म्हणायची, हो, झोपले," मास्तर म्हणाले. "मग त्याला झोप लागायची."

मी शर्टाच्या बाहीवर हात ठेवला. निळ्या बटणाचा दोरा काळा होता. अठ्ठावीस वर्षं मी तिला उठवून तेच विचारत आलो होतो. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं.

बाहेर पडताना व्यवस्थापिका बाई फाटकापर्यंत आल्या.

"दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी ते पुस्तक आधीच पुढे वाचून टाकलं," त्या म्हणाल्या. "शेवटापर्यंत. तेव्हा त्यांची तब्येत जरा नाजूक होती. दुसऱ्या दिवसापासून बॅग भरून इथे फाटकाशी बसायला लागले. पोस्टमन आला की थरथरायचे. माझं पत्र आलं का? जेवण बंद. नऊ दिवस. तुमच्या मिसेस आल्या, बॅग बघितली, आणि त्यांना म्हणाल्या, मास्तर, तुम्ही चुकीची प्रत वाचलीत. खरा शेवट वेगळाच आहे. पुढच्या गुरुवारी पुस्तक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे बघा, यात तो शेवट नाहीच."

"मग?"

"मास्तरांनी स्वतः बघितलं. तिन्ही प्रती. आणि जेवले."

६

आता सगळं उघड होतं. पुस्तकाचं पान दुमडलं म्हणून माझ्याशी आठ दिवस अबोला धरणाऱ्या बाईनं तीन पुस्तकं उसवली होती. शिवण मी पहिल्याच दिवशी बघितली होती. बारकीची शिवण तिच्यासारखीच, म्हणून बारकीच डोळ्यांसमोर आली. दुसरं नाव मनात आणायलाच मी तयार नव्हतो.

मी गप्प बसलो तर शनिवारी फोटो लागेल आणि बारकी जाईल. बोललो तर बारकी राहील आणि फोटो जाईल. लोक म्हणतील, एकतीस वर्षं पुस्तकं सांभाळणारी बाई पानं चोरत होती. उत्तर द्यायला ती नाही.

मी दोन दिवस अंघोळ, जेवण, कपडे वाळत घालणं असं करत राहिलो. खरं सांगायचं तर मला फार दमल्यासारखं झालं होतं. ती असती तर तिला विचारलं असतं. तिलाच.

शनिवारी सकाळी मी शर्ट घातला आणि गेलो.

७

कमिटी हॉलमध्ये बसली होती. फोटो अजून कागदात गुंडाळलेला, भिंतीला टेकवून ठेवला होता. बारकी दाराशी उभी होती. अध्यक्षांनी टाइप केलेला कागद समोर ठेवला होता.

"बारकीनं काढलेली नाहीत," मी म्हणालो. "माझ्या बायकोनं काढली."

मग अध्यक्ष म्हणाले, "बसा तुम्ही. पाणी घ्या."

"मला पाणी नको. ऐकून घ्या. नवा बाइंडर शिवत नाही, आणि पाच महिन्यांपूर्वी आला. पानं दोन वर्षांपूर्वी गेली, कार्डं बघा. तेव्हापासून हे पुस्तक फक्त आश्रमात गेलंय, आणि एकाचीही तक्रार नाही. का? कारण त्यांना शेवट मिळत होता. दर वेळी नवा, म्हणून ते परत परत मागवत होते. ते शेवट सांगणारी बाई कोण, हे तिथे कोणालाही विचारा. आणि त्या कारकुनाला तिनं माझ्या सवयी दिल्यात. त्या बारकीलासुद्धा माहीत असायचं कारण नाही."

"काका, पुरे," बारकी दारातून म्हणाली.

"पुरावा?" अध्यक्षांनी विचारलं. "बाई गेल्यात. त्यांच्यावर काहीही ढकलता येईल."

"पुरावा या इमारतीतच आहे. तिनं आयुष्यात कागदाचा कपटा टाकला नाही. काढलेला फर्मा ती ठेवणार कुठे? जिथे शिवायचं बाकी असलेलं काम असतं तिथे. मोजणीत जे कपाट कोणी उघडत नाही तिथे. किल्ली बारकीकडे आहे."

बारकी जागची हलेना. शेवटी मीच तिच्यासमोर हात पसरला. तिनं किल्ली दिली नाही. स्वतः पुढे गेली आणि कपाट उघडलं.

तिसऱ्या कप्प्यात, मेणाच्या गोळ्याखाली, खाकी कागदाचं पुडकं होतं. दोऱ्यानं बांधलेलं. वर बायकोच्या अक्षरात चिठ्ठी: 'पा. ३०५ ते ३२०. तीन प्रती. परत शिवायचे. घाई नाही.' खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख.

कमिटीतल्या एका बाईंनी त्यातला एक फर्मा उचलला आणि शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. कारकून बायकोच्या हातात पत्र देतो. ती पाकीट उलटसुलट करून बघते. म्हणते, तुमचं अक्षर किती छान आहे हो. आणि चपला घालते.

बाईंनी पान खाली ठेवलं.

"तरीही," अध्यक्ष म्हणाले, "हे वाचनालयाच्या मालमत्तेचं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. टाइप केलेल्या कागदाची घडी घातली. "बारकीताई, तुम्ही टेबलावर जा. मशीन येईल तेव्हाचं तेव्हा बघू. वाचन ठरल्याप्रमाणे होईल, फोटोचं मात्र सध्या थांबवावं लागेल."

"थांबवा," मी म्हणालो.

८

मी पायऱ्यांवर बसलो होतो. बारकी बाहेर आली ती तावातावाने.

"कशाला घेतलंत काकूंचं नाव? मी कुठेतरी धुणीभांडी केली असती."

"तुला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणजे? त्यांचा खांदा दुखायचा, पुस्तकांची पिशवी मीच न्यायचे. कोणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. नाही सांगितलं."

"नोकरी जाईपर्यंत?"

"मग काय अर्ध्यात सांगायचं?"

ती माझ्या शेजारी बसली. दोन माणसं पुस्तकं घेऊन आमच्यामधून वाट काढत आत गेली. तिला उठून आत जायला हवं होतं, पण ती उठली नाही.

"मला का नाही सांगितलं तिनं?" मी विचारलं.

"सांगू? राग नाही ना येणार?"

"सांग."

"त्या म्हणायच्या, घरी सांगितलं तर हा बाबा म्हणेल, आधी पानं परत शिव."

मी तेच म्हणालो असतो. अगदी याच शब्दांत.

"अकरा वेळा वाचलं तिनं," मी म्हणालो. "दोन शेवट मला कळले. बाकीचे नऊ तुला आठवतात?"

"सगळे नाही. सहा-सात आठवतील."

आतून कोणीतरी टेबलावर टकटक केलं. कार्ड घेऊन कोणी उभं असेल.

"थांबू दे त्याला," बारकी म्हणाली आणि पदरानं तोंड पुसून सांगायला लागली. एका शेवटात विश्रामगृहाचा पहारेकरीच पासष्टचा होता. एकात कारकुनाच्या बायकोला वाचता येत नव्हतं, म्हणून ते पत्र तिनं डब्याच्या तळाशी अंथरलं होतं. तिसरा सांगताना ती मधेच अडकली, म्हणाली, थांबा हं, इथे काय होतं बरं.

"सावकाश," मी म्हणालो. "मी ऐकतोय."